हजेरीपटावरचा ‘हेल्पर’

मस्टरवर त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला होता: हेल्पर. या एका शब्दाची किंमत ४ लाख ६० हजार ४२५ रुपये आहे आणि ती त्याच्या बायकोला मोजावी लागते आहे. आकडा हवेतून काढलेला नाही. हिशेब पुढे देतो, कुणीही कागदावर मांडून पाहावा.

हा माणूस आमच्या वस्तीतला. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कामगार न्यायालयात आहे. २०२२ च्या मे महिन्यात एका कारखान्याची शेड उभी करताना तो कैचीवरून पडला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. वय चाळीस. त्यातली अठरा वर्षे त्याने लोखंडी सांगाडे उभे करण्यात घालवली. साइटच्या भाषेत अशा माणसाला इरेक्टर म्हणतात. रोजचे साडेसातशे घ्यायचा. महिन्याला २६ दिवस भरले तर साडेएकोणीस हजार. कागदावर मात्र हेल्पर, पगार दहा हजार. वरचे पैसे हातात, सहीशिवाय.

त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा हिशेब असा होता: कामगार कामावर मेला तर मासिक वेतनाची निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयाच्या घटकाने गुणायचे. चाळिशीचा घटक १८४.१७. दहा हजारांचे निम्मे पाच हजार, गुणाकार ९,२०,८५०. खरा पगार धरला असता तर? तिथेही सरकारने अडसर घालून ठेवलेला. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० ठरवली होती. म्हणजे माणूस वीस हजार मिळवो की तीस, हिशेबात पंधराच. तरीही १३,८१,२७५ झाले असते. आता वजाबाकी करा.

ठेकेदाराच्या वकिलाचे म्हणणे असे की मयत हा अकुशल होता, वर नट-बोल्ट पोहोचवणे एवढेच त्याचे काम होते. उंचावर चढणे हे काही कौशल्य नव्हे, असेही तो वर म्हणाला. कोर्टाच्या व्हरांड्यात हे ऐकले तेव्हा त्याची बायको माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. मला मात्र त्या दिवशी कळले की हे प्रकरण एका ठेकेदाराचे नाही. कौशल्य कशाला म्हणायचे आणि कुणाच्या हातातल्या कामाला म्हणायचे, हा या देशातला फार जुना तंटा आहे.

तेव्हा हे काम असते तरी काय, ते आधी पाहू.

चढणे हे कौशल्य नव्हे, हे एका अर्थाने खरेच आहे. चढणे हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग. खरे काम जमिनीवर सुरू होते. ट्रेलरमधून शेकडो तुकडे येतात, प्रत्येकावर खूण असते. ती खूण ड्रॉइंगवर शोधून, कोणता तुकडा कधी लागणार या क्रमाने माल रचून ठेवावा लागतो. क्रम चुकला तर हवा असलेला कॉलम सर्वांत खाली सापडतो आणि अर्धा दिवस उचलठेवीत जातो. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही तो इरेक्टर होऊच शकत नाही. आमचा हा माणूस नववी नापास होता. शिकलेल्या पोरांना वहीवर कैची काढून दाखवायचा आणि म्हणायचा, कुठल्या तुकड्यावर ओढ आहे आणि कुठल्यावर दाब आहे ते सांगा बरं. पोरे गप्प.

मग पाया. काँक्रीटमध्ये आधीच पुरलेले बोल्ट जागेवर आहेत की नाहीत ते लाइनदोरी, गुण्या आणि लेव्हल लावून तपासायचे. वीस मिलिमीटरच्या बोल्टला बावीसचे भोक असते. म्हणजे पंधरा-वीस मीटरवरून अधांतरी येणारा, टनाटनाचा तुकडा ज्या फटीत बसवायचा ती फट दोन मिलिमीटरची. पाया चुकला असेल तर कॉलम उभा राहण्याआधीच ते ओळखावे लागते. नंतर ओळखले तर गॅसकटरने भोके मोठी करायची वेळ येते, आणि तसे करणे म्हणजे इमारतीचे आयुष्य कापणे. चांगला इरेक्टर त्याला तयार होत नाही. हेल्पर म्हणून लिहिलेला असला तरी होत नाही.

उचलण्याची गोष्ट त्याहून नाजूक. दोन टनांचा बीम आहे, दोन पायांची स्लिंग लावली आहे. दोराचे पाय बीमशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन ताण येतो. दोर आखूड पडला आणि कोन ३० अंशांवर उतरला की त्याच बीमचा ताण प्रत्येक पायावर पुरता दोन टन होतो. बीम तोच, दोर तोच, फक्त कोन बदलला. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हे त्रिकोणमितीच्या पानावर असते. इरेक्टरच्या डोळ्यात असते. दोर पसरट दिसला की तो हायड्रावाल्याला हात वर करून थांबवतो. तारेच्या दोराला लोखंडाची धार लागू नये म्हणून मध्ये गोणपाट किंवा लाकूड घालतो, दोराच्या किती तारा तुटल्यात ते पाहून दोर बाजूला काढतो, आणि पहिल्यांदा तुकडा वीतभरच उचलून थांबतो. तो वाकडा होतो आहे का, कुठल्या बाजूला जड आहे, ते वीतभर उंचीवर कळले पाहिजे. दहा मीटरवर कळून उपयोग नाही.

इशाऱ्यांची भाषा वेगळीच. ‘हाबेस’ म्हणजे उचल, ‘आर्या’ म्हणजे खाली सोड. हे शब्द गोदीतल्या खलाशांचे. ‘आर्या’ तर पोर्तुगीज जहाजांवरून आलेला. त्याचा आर्यांशी काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे, नाहीतर उद्या कुणी त्याचेही वेदात मूळ शोधून काढेल.

आता कैची. मराठी माणूस ट्रसला कैची म्हणतो आणि हा शब्द मला इंग्रजीपेक्षा बरा वाटतो. कैची उभ्या दिशेने कितीही मजबूत असली तरी आडव्या अंगाने ती पुठ्ठ्यासारखी लवते. म्हणून लांब कैची उचलताना तिला बांबू किंवा पाइप बांधून ताठ करतात. वर ठेवलेली पहिली कैची स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. तिला दोन्ही बाजूंनी दोर ताणून बांधावे लागतात. मग दुसरी कैची बसवायची, दोघींमध्ये पर्लिन आणि तिरप्या ब्रेसिंग लावायच्या, त्यांचा पेटीसारखा एक खण तयार करायचा आणि ओळंबा धरून तो सरळ करायचा. हा पहिला खण पक्का झाला की पुढचा सगळा सांगाडा त्याच्या आधाराने वाढत जातो. तो कच्चा राहिला तर पत्त्यांचा बंगला. शेड कोसळण्याच्या बातम्या वाचताना बघा, इमारत पूर्ण झाल्यावर कोसळली की उभी करताना. अर्धवट उभा असलेला सांगाडा हा पूर्ण सांगाड्यापेक्षा वेगळाच प्राणी असतो. डिझाइन करणारा इंजिनिअर पूर्ण झालेल्या इमारतीचा हिशेब करतो. अर्धवट इमारतीत राहतो तो इरेक्टर.

त्या दिवशी हायड्राला दुपारनंतर दुसऱ्या साइटवर जायचे होते. हायड्राचे भाडे तासावर. म्हणून पहिल्या कैचीचे दोन दोर न बांधताच हुक सोडायला सांगितले गेले. त्याने नको म्हटले होते. हे त्याच्याबरोबर वर असलेल्या दोघांनी जबाबात सांगितले आहे. ‘अकुशल’ माणसाला जे कळत होते ते सुपरवायझरला कळत नव्हते, किंवा कळत असून भाड्याचे गणित मोठे वाटले.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात लोखंडाला हात लावता येत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण ३० मीटर लांबीचे लोखंड ३० अंशांनी तापले तर जवळपास ११ मिलिमीटर वाढते, आणि भोकात जागा दोन मिलिमीटरची. एका बाजूला ऊन लागलेला कॉलम दुसऱ्या बाजूला झुकतो. त्यामुळे ओळंब्याचे शेवटचे माप भल्या पहाटे घ्यायचे, लोखंड रात्रभर निवल्यावर. वारा असेल तर ओळंब्याचा लंबक तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचा म्हणजे तो हलत नाही. ही बादली बघून एखादा नवशिका इंजिनिअर हसतो. दुपारच्या मापाने सांगाडा आवळला आणि दुसऱ्या दिवशी भोके जुळेनाशी झाली की मग हसणे थांबते.

हे ज्ञान आहे. लोखंडाचे, वाऱ्याचे, उन्हाचे, वजनाचे ज्ञान. ते पुस्तकातून आले नाही म्हणून ज्ञान नव्हे असे म्हणणारे लोक कोण, हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगायला नको.

या कामाबद्दल सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: त्या लोकांना भीतीच वाटत नाही. ऐकायला कौतुक वाटते. पण नीट पाहिले तर हे कौतुक नाही, चोरी आहे. माणसाने वर्षानुवर्षे शिकून मिळवलेली गोष्ट त्याच्या रक्तात जन्मतःच होती असे एकदा ठरवले की त्या शिकण्याची किंमत देण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे हे जातीच्या नावाने चालते. पण हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. त्याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिका आणि कॅनडातला आहे.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्या शहरात वूलवर्थ इमारत नुकतीच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, खुली झालेली होती. तेव्हाची ती जगातली सर्वांत उंच इमारत, आत पोलादी सांगाडा. अशा सांगाड्यांच्या आणि पुलांच्या कामांत पुढच्या काळात मोहॉक या मूळनिवासी समाजाच्या इरेक्टरांचे मोठे नाव झाले. त्यांची सुरुवात झाली कॅनडात. मॉन्ट्रियलजवळ काहनावाके नावाची त्यांची वसाहत आहे. १८८६ मध्ये सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधायचा होता आणि पुलाचे एक टोक त्यांच्या जमिनीवर येत होते. जमिनीच्या बदल्यात काम द्यायचे ठरले, आणि काम दिले ते साधी मजुरी. पोरे पुलावर चढून बघायला लागली, रिव्हेट ठोकायला मागू लागली, शिकली. कंपनीच्या लोकांनी निष्कर्ष काढला की या जमातीला उंचीची भीती नसते. तेव्हापासून ही दंतकथा सुरू झाली ती थांबलीच नाही. त्या समाजातल्या लोखंडकाम करणाऱ्यांनी पुढे कितीदा तरी सांगितले की भीती आम्हालाही वाटते, ती सांभाळायला आम्ही शिकतो, बाप-काका-मामा शिकवतात. पण ऐकतो कोण? रक्ताची गोष्ट विकली जाते, शिकवणीची नाही.

त्या दंतकथेची किंमत २९ ऑगस्ट १९०७ रोजी चुकती झाली. क्वेबेकचा पूल उभारणीतच कोसळला. ७५ कामगार मेले, त्यांत ३३ जण एकट्या काहनावाकेचे. एवढ्याशा वसाहतीतली तेहतीस घरची माणसे एका संध्याकाळी. पूल पडला तो कुणी घाबरले किंवा न घाबरले म्हणून नाही. पुलाचा गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला आणि वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेत नीट केला नाही. खालच्या पोलादी पट्ट्या वाकायला लागल्या होत्या. २७ ऑगस्टला मापले तेव्हा एका जागी सव्वादोन इंचांचा वाक भरला, जो आधी पाऊण इंच होता. साइटवरच्यांना तो दिसत होता, त्यावर बोलणे चालले होते. पण निर्णय घेणारा सल्लागार इंजिनिअर न्यूयॉर्कमध्ये बसलेला. त्याच्यापर्यंत माणूस धाडावा लागला. पुलावर आणखी भार टाकू नका, ही त्याची तार गेली ती पोलाद बनवणाऱ्या कंपनीच्या गावाला, पुलावर नाही. तोवर संध्याकाळ झाली आणि पूल नदीत गेला. चौकशी आयोगाने १९०८ मध्ये दोष ठेवला तो हिशेब करणाऱ्यांवर. वर काम करणाऱ्यांवर नाही.

काहनावाकेच्या बायकांनी त्यानंतर एक गोष्ट केली. पुरुषांनी एकाच कामावर सगळ्यांनी जायचे नाही, निरनिराळ्या ठिकाणी विखरून जायचे, असा आग्रह त्यांनी धरला. पुन्हा एकाच दिवशी सगळे गाव विधवा होऊ नये म्हणून. मृतांच्या थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.

हे इतके लांबचे मी का सांगतो आहे? कारण तिथे आणि इथे एक फरक आहे. १८९६ मध्ये अमेरिकेत पूल आणि इमारतींचे लोखंडकाम करणाऱ्यांची युनियन स्थापन झाली होती. मोहॉक कामगार त्या युनियनमध्ये गेले. त्यांच्या खिशात कार्ड आले आणि कार्डावर त्यांच्या कामाचे नाव. दंतकथा राहिली, अन्यायही राहिला. १९५० च्या दशकात जलमार्ग काढताना त्यांची जमीन पुन्हा घेतलीच. पण निदान मजुरीच्या बाबतीत त्यांना कुणी हेल्पर म्हणू शकले नाही.

आपल्याकडे हेल्पर म्हणण्याचा इतिहास केवढा मोठा! १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे म्हणणे त्या परिषदेतले म्हणून आपण सगळे सांगतो. व्यासपीठावर दरवर्षी सांगतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतली एकेक जागा मोजून दाखवली होती, ती कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक क्वचितच होतो, मिस्त्री तर शोधून सापडत नाही. गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला प्रवेश नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला तेव्हा लाल झेंडेवाल्यांना तो अडचणीचा वाटला होता. जात म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हा बाबासाहेबांचा १९३६ चा सिद्धांत असा गिरणीच्या धोट्यातून आणि रेल्वेच्या रुळावरून आलेला आहे.

आज धागा तोंडाने ओढायचा नाही. इरेक्टरच्या कामाला तर कुठलीही जात नाही. कोणत्याही स्मृतीत लोखंडी कैची चढवण्याचे काम कुणाला नेमून दिलेले नाही. हे यंत्रयुगाचे काम, शिकेल त्याचे. म्हणूनच आपली माणसे त्यात शिरू शकली. मग व्यवस्थेने काय केले? कामाला जात देता आली नाही, तर कागदाला दिली. ड्रॉइंगवर सही करणारा कुशल, ड्रॉइंग वाचून ते हवेत उभे करणारा अकुशल.

सरकारचे बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक व्यवसाय निवडले. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, हार बनवणारे. त्यांना प्रमाणपत्र, ओळखपत्र, अवजारांसाठी मदत, कर्ज. ज्याला त्याचा लाभ मिळतो त्याने तो जरूर घ्यावा, गरिबाच्या ताटातले काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण यादीकडे पाहिले की कळते, जातीने दिलेल्या धंद्याला सरकारी ओळखपत्र आहे आणि जात मोडून शिकलेल्या धंद्याला हेल्परचा शिक्का. यादीत इरेक्टर नाही. रिगर नाही. उंचावर वेल्डिंग करणारा नाही. क्रेनवर विश्वकर्मा पूजेचा नारळ मात्र दरवर्षी फुटतो आणि तो फोडायला याच माणसाला सांगतात.

१ ऑगस्ट २०२३ ची रात्र आठवा. शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला. २० माणसे मेली. बहुतेक परप्रांतातली, आपल्याच सारख्या घरांतली. राज्याने पाच लाख, केंद्राने दोन लाख जाहीर केले. त्या रस्त्याच्या उद्घाटनांचे फोटो तुम्हाला आठवत असतील. त्या वीस जणांत कोण लाँचर चालवणारा होता, कोण रिगर, कोण वेल्डर, कोण इंजिनिअर, हे किती जणांना आठवते? बातमीत ते सगळे ‘मजूर’ होते.

आता थोडे आपल्याकडे. हे लिहिणे मला आवडत नाही, पण लिहिले पाहिजे. आपल्या चळवळीने शिक्षण म्हटले की पदवी धरली, नोकरी म्हटले की सरकारी खुर्ची धरली. चुकले असे नाही. त्या खुर्चीनेच आपली एक पिढी वर काढली. पण खुर्च्या कमी होत गेल्या, ठेकेदारी आली, आणि आरक्षण सरकारी गेटपर्यंत येऊन थांबले. गेटच्या आत तेच काम ठेकेदार करतो आणि ठेकेदाराच्या मस्टरला आरक्षण लागू नाही. अशा वेळी हाताने काम करणाऱ्या आपल्या माणसांचे कागद कुणी पाहिले? जयंतीची वर्गणी मागायला आपण त्यांच्या दारात जातो. त्यांचे मस्टर पाहायला गेलो का? मीही गेलो नव्हतो. तो पडल्यावर गेलो.

काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्या आजच करता येतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा त्यांत सामावले गेले. त्या संहितांबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते बरोबर आहेत. पण त्यांतल्या एका गोष्टीचा उपयोग करून घेतला पाहिजे: कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते पत्र मागा, आणि मागताना त्यावर पदनाम काय लिहिले आहे ते पाहा. हेल्पर लिहिले असेल तर सही करण्याआधी भांडा. एकट्याने भांडता येत नाही हे मला कळते. म्हणून वस्तीतल्या चार शिकलेल्या पोरांनी बरोबर जावे. भरपाईचा हिशेब नव्या संहितेतही वेतन आणि वय यांवरच ठेवलेला आहे. म्हणजे कागदावरच्या आकड्याला आजही तेवढीच किंमत आहे.

बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करा. बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार नेमका तोच देत नाही. न देण्याची सवय मोडायला लावणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. मोर्चा काढण्यापेक्षा ते कंटाळवाणे आहे, फोटोही येत नाही. आयटीआयमध्ये आणि अॅप्रेंटिसशिपमध्ये फिटर, वेल्डर यांच्या जागा असतात. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यात १९७३ मध्ये कलम ३-अ घालून अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा राखल्या गेल्या. मोठ्या कारखान्यांत त्या भरल्या जातात का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

आणि एक गैरसमज नको. इरेक्टरच्या कामाला मान द्या म्हणजे त्याच्या पोरानेही इरेक्टरच व्हावे, असे मी म्हणत नाही. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणे हेच तर बाबासाहेबांनी नाकारले. आपली मागणी उलटी आहे. अठरा वर्षे सांगाडे उभे केलेल्या माणसाला फोरमन होण्याची, परीक्षा देऊन सुपरवायझर होण्याची, स्वतः ठेका घेण्याची वाट खुली पाहिजे, आणि त्याच्या पोरीला वाटले तर तिने त्याच सांगाड्याचे डिझाइन करावे, वाटले तर कविता लिहाव्यात. त्याची मुलगी सध्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय सिव्हिल. तिने तो का निवडला, हे मी विचारले नाही.

तिनेच ती वही शोधून काढली. शंभर पानी, रेघांची, तेलाचे डाग पडलेली. त्यात तिच्या बापाने प्रत्येक साइटचे लिहून ठेवले होते: कैचीचे वजन किती, दोर कोणत्या जागी बांधला, कोणत्या मापाचे बोल्ट किती लागले, पहाटेचे माप आणि दुपारचे माप यांत किती फरक पडला. मधूनमधून आकृत्या आहेत, पेन्सिलीच्या, पट्टी लावून काढलेल्या. शेवटच्या साइटचे पान अर्धे लिहिलेले आहे. पहिल्या कैचीच्या आकृतीत दोर दोन्ही बाजूंना मिळून चार दाखवले आहेत. त्या दिवशी बांधले होते दोन.

वहीची छायांकित प्रत अर्जाला जोडली आहे. ठेकेदाराच्या वकिलाने तिच्यावर हरकत घेतली, हस्ताक्षर मयताचेच कशावरून म्हणून. आता हस्ताक्षर ओळखणारा साक्षीदार हजर करायचा आहे. मुलगी साक्ष द्यायला तयार आहे. पुढची तारीख तिच्या परीक्षेच्या आठवड्यात पडली आहे, ती बदलून मिळावी म्हणून अर्ज दिला आहे.